छत्तीस दिशांनी मोजलेला बुश

...आणि वर तोंड करून म्हणतो कसा, "काका, पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही फक्त पार्ट आणा!" फक्त! तुम्हाला सांगतो, हा 'फक्त' शब्द ज्यानं कुणी शोधून काढला ना, त्याला एकदा आमच्या गाडीखाली उताणा झोपवला पाहिजे. पार्ट आणा म्हणे. अहो, ज्या कारखान्यात ही गाडी जन्मली तो बंद पडून तीस वर्षं झाली! त्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. हे मला कसं माहीत? मी पत्र लिहिलं होतं त्या पत्त्यावर. सविस्तर, आकृतीसकट. उत्तर आलं की, दोन गाद्या घेतल्यास उशा मोफत.

थांबा, मी मधूनच सुरुवात केली. ही माझी जुनी खोड आहे. अडतीस वर्षं शिकवलं, आणि दर तासाला पहिल्या बाकावरचं कुणीतरी हात वर करून विचारायचं, "सर, पण प्रश्न काय होता?"

तर प्रश्न असा होता की आमची गाडी मागे जात नव्हती.

गाडी म्हणजे पंचेचाळीस वर्षांची जुनी गाडी, आणि आमची म्हणजे खरं तर हिची. चालवते ती. परवाना मलाही आहे, नाही असं नाही, पण मी चाकामागे बसलो की प्रत्येक चौकात मला चारही बाजूंनी काय काय येऊ शकेल याचे सगळे पर्याय दिसायला लागतात, आणि त्यांचा विचार होईपर्यंत मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकतात. म्हणून ती चालवते आणि मी शेजारी बसून पाय आवळतो. त्या गाडीचा गिअर खाली जमिनीत नाही बरं का, स्टिअरिंगच्या बाजूला आहे, छत्रीच्या दांड्यासारखा. आपल्याकडे ओढून वर ढकलला की रिव्हर्स. म्हणजे पडायला हवा. तो पडेना! नुसतं करर्र... करर्र... दळण दळल्यासारखं. आणि गाडी जागच्या जागी.

आता तुम्ही म्हणाल, नाही गेली मागे तर नाही गेली, या वयात मागे जाऊन करायचंय काय? मीही तेच म्हणालो. माझं चुकलं का? चुकलंच असेल. कारण हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी चष्मा पुसायला घेतला.

कारण काय, की सतरा तारखेला हिची परीक्षा होती. आमच्याकडे नियम असा, की पंचाहत्तरी गाठलीत आणि पुढे गाडी चालवायची असेल तर स्वतःची गाडी घेऊन या, साहेबांना शेजारी बसवा आणि चालवून दाखवा. त्यात दोन खांबांच्या मध्ये गाडी उलटी घालून दाखवायची. उलटी! आणि हिची पंचाहत्तरी अठराला. म्हणजे सतराला रिव्हर्स पडला नाही तर अठरापासून परवाना बंद, आणि परवाना बंद म्हणजे गुरुवार बंद.

गुरुवार म्हणजे असं, की दर गुरुवारी ही आपल्या थोरल्या बहिणीला गाडीत घालते, दोघी तळ्यावर जातात, काठाला गाडी लावतात, काचा वर करतात आणि दोन तास मनसोक्त भांडतात. एकवीस वर्षं चाललंय. ताई एक्याऐंशीच्या. गुडघे गेलेले. हल्लीच्या उंच गाड्यांत त्यांना चढता येत नाही, या गाडीत मात्र सोफ्यावर टेकावं तशा टेकतात. आमची लेक म्हणाली, "आई, कशाला हट्ट करतेस, मी दर गुरुवारी टॅक्सी सांगत जाईन, छान बुटकी." तर ही म्हणाली, "टॅक्सीत भांडता येत नाही. ड्रायव्हर ऐकतो."

मी गॅरेजमध्ये गेलो.

मेकॅनिक गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि माझ्या तळहातावर एक पितळेची कडी ठेवली. अंगठ्याच्या पेराएवढी. म्हणाला, "हा बुश गेला." बुश म्हणजे काय, तर गिअरच्या दांड्याकडून एक सळई येते, तिच्या टोकाला पिन असते, ती पिन या कडीत बसते आणि फिरते. बस. एवढंच. पंचेचाळीस वर्षं पिन फिरून फिरून त्या कडीचं गोल भोक लांबट झालं होतं, वर एक चीर गेली होती. "असा दुसरा आणा, पाच मिनिटांत बसवतो!" हाच तो. पाच मिनिटांवाला.

मी सोळा दुकानं फिरलो. सतराव्यानं मला पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, हा मिळायचा नाही. करून घ्या." आणि लेथवाल्याचा पत्ता दिला.

लेथवाला म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये एकटा एक लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, घेऊन बसलेला माणूस. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, आणि बोलणं कमी. हे कमी बोलणारे लोक मला फार अवघड जातात. आपण बोलत राहतो आणि ते आपल्याकडे असे बघत राहतात, की आपल्यालाच वाटायला लागतं, आपण खोटं बोलतोय. मी त्याला बुश दिला आणि म्हणालो, "हुबेहूब असाच करायचा. अगदी असाच. एका कणाचा फरक नको." आता यात वावगं काय? नमुना देताना माणूस असंच म्हणतो ना?

त्यानं तीन दिवस घेतले. मी गेलो. कापडात गुंडाळून ठेवला होता हो त्यानं, दागिन्यासारखा! उघडला. पिवळाधमक. मी निरखून पाहिला... उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. भोक लांबट! अगदी जुन्यासारखं लांबट!

"अहो, हे लांबट कशाला केलंत?"

"असाच म्हणालात."

"आणि ही... ही चीर?"

"करवतीनं घातली. बारीक करवत शोधायला एक दिवस गेला."

म्हणजे पंचेचाळीस वर्षांची झीज त्या भल्या माणसानं तीन दिवसांत कानशीनं घासून घासून घडवली होती! चीरसुद्धा, जिथे होती तिथे, जेवढी होती तेवढी. शिवाय घामाचे थेंब कपाळावर, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान, की मी म्हणालो, "सुरेख झालाय." घरी घेऊन आलो. माझं चुकलं का? चुकलंच असेल. 'असाच' म्हणजे 'पूर्वी जसा असेल तसा', हे सांगायला हवं होतं. पण पूर्वी कसा होता हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी डॉक्टर आहे. औषधाचा नव्हे. माझा प्रबंध आहे, चारशे बारा पानांचा, आणि त्याचा विषय आहे, हसू नका, 'मोजमापातील अनिश्चितता'. म्हणजे कुठलीही वस्तू मोजताना आपण किती चुकतो, का चुकतो आणि आपण चुकलो हे आपल्याला कितपत खात्रीनं म्हणता येतं. आयुष्यभर मी हेच केलं. आणि अख्ख्या आयुष्यात, तुम्हाला सांगतो, मला एकदाही काहीही प्रत्यक्ष मोजायची वेळ आली नव्हती. मला वाटलं, आली वेळ!

जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला. मापायची साधनं नातवाच्या कॉलेजातून मागवली. आणि जुन्या बुशाचं ते लांबट भोक मी दर दहा अंशांवर, असं छत्तीस दिशांनी मोजलं. प्रत्येक दिशेनं अकरा वेळा. ही दोनदा ताटं घेऊन आली आणि दोनदा परत गेली. तिसऱ्यांदा आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवलो. दोन दिवसांनी सरासरी आली, सोळा पूर्णांक चार एक सात तीन, अधिक-उणे अमुक तमुक. मी तो कागद घेऊन शेडमध्ये गेलो. छाती फुगलेली.

लेथवाल्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा धरला. "काका, हे अधिक-उणे कशाला?"

"म्हणजे माप या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे."

"कुठे?"

"ते नक्की सांगता येत नाही, तोच तर मुद्दा आहे."

त्यानं कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "मशीनला सांगावं लागतं."

मग दिला एक आकडा. त्यानं केला गोल, गुळगुळीत बुश. मेकॅनिकनं बसवला, अगदी पाच मिनिटांत, तेवढा तो शब्दाचा पक्का. हिनं दांडा ओढला... करर्र! जुन्यापेक्षाही मोठ्यानं. कारण उघड आहे. झिजलेल्या भोकाची सरासरी काढली तर काय येणार? झिजलेलीच येणार! हे सांगायला चारशे बारा पानं लागत नाहीत, पाचवीतलं मूल सांगेल. मला सुचलं नाही. का सुचलं नाही? कारण मी मोजत होतो. माणूस मोजत असला की त्याला आपण विचार करतोय असंच वाटत असतं.

हिनं फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारीख होती आठ.

मग मी जगभर ईमेलनं पत्रं पाठवली. आमच्या गाडीसारख्या गाड्या पाळणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. सगळे माझ्यासारखेच, ऐंशीच्या आसपासचे आणि काळजीत. त्यातल्या एका सात समुद्रांपलीकडच्या गृहस्थानं कारखान्याच्या मूळ पुस्तकाचं पान पाठवलं. मूळ माप! पाच अष्टमांश इंच! मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, खोटं कशाला बोलू, दुपारभर हिशेब केला आणि लेथवाल्याला मोठ्या अक्षरात लिहून दिलं, पंधरा पूर्णांक आठ सात पाच मिलिमीटर. अधिक-उणे काही नाही.

त्यानं वाचलं, वर छताकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी केलं. "म्हणजे पाच सूत."

"काय?"

"पाच सूत आहे काका. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंत ना."

त्यानं तासाभरात केलाही, आणि या वेळी बसवायला स्वतः गॅरेजमध्ये आला. बसवला. हिनं दांडा ओढला. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा पडला, आम्ही सगळ्यांनी श्वास धरला, आपल्याकडे ओढून वर... करर्र.

मूळ माप, बरोबर माप, कारखान्याचं माप, आणि तरी करर्र! मी तिथल्या उपड्या डब्यावर बसलो. तेव्हा तो लेथवाला पहिल्यांदा आपणहून बोलला. गाडीखालून बोलला, त्यामुळे मला फक्त त्याचे बूट दिसत होते. म्हणाला, "काका, पिन मोजली होती का?"

पिन!

अहो, बुश मी छत्तीस दिशांनी मोजला, अकरा वेळा मोजला, परदेशातून त्याची जन्मपत्रिका मागवली, आणि त्याच्या आत पंचेचाळीस वर्षं नांदत होती ती पिन... तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दोघं घासली एकमेकांवर, तर झिजणार काय एकटा बुशच? पिनही झिजली होती. तीही एकाच अंगानं. आणि ती सळईलाच जोडलेली, सुटी होत नाही, बदलायची तर अर्धी गाडी उतरवावी लागेल, त्याला महिना. तारीख होती चौदा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरी बसलो होतो. ही लसूण सोलत होती. आणि सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "अहो, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"तुम्हाला मी पास व्हायला हवी आहे ना?"

आता याला काय म्हणावं! मी उसळून म्हणणार होतो, अगं, सोळा दुकानं पालथी घातली, जगभर पत्रं लिहिली, ती काय... पण मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. कारण खरं सांगू? दर गुरुवारी ही गाडी काढते ना, तेव्हा मी खिडकीत उभा राहतो. ती कोपऱ्यावर वळते. मग मी पेपर उघडतो आणि दोन तास एकच ओळ वाचतो. गाडीचा आवाज परत आला की ती ओळ संपते. गुरुवार बंद झाला असता तर मी सुखानं पेपर वाचला असता. तर मी हे छत्तीस दिशांचं जे काही केलं ते तिच्यासाठी केलं, की तारीख टळावी म्हणून केलं? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असेन.

मी म्हणालो, "भीती वाटते गं."

ती म्हणाली, "मला काय वाटत नाही? म्हणून तर काचा वर करून ताईशी भांडते, तेवढा वेळ भीती आठवत नाही." आणि लसणाची वाटी माझ्याकडे सरकवली. "सोला. आणि उद्या मी येते तुमच्या त्या लेथवाल्याकडे. तुम्ही कागद आणू नका."

माझं चुकलं का? चुकलंच असेल, पण कागद मी घेतलाच होता. खिशात. घडी करून.

दुसऱ्या दिवशी ती गाडी पुढच्या पुढे चालवत शेडमध्ये घेऊन गेली. त्यासाठी तीन गल्ल्यांचा वळसा, कारण मागे घेता येत नव्हती. उतरली, आणि लेथवाल्याला म्हणाली, "हे बघा दादा, मला आकडे कळत नाहीत. पण माझा हात कळतो. तुम्ही मूळ मापापेक्षा भोक लहान ठेवा, आणि थोडं थोडं मोठं करत चला. मी आत बसून सांगते."

तर त्या अबोल माणसाचा चेहरा असा उजळला, तुम्हाला सांगतो, जसा काही वर्षानुवर्षं कुणी आपल्याशी आपल्या भाषेत बोलेल म्हणून वाट बघत होता! "काकू, हेच पाहिजे होतं. बसा."

मग जे सुरू झालं ते दुपारी चारपर्यंत चाललं. हा बुश बसवायचा, ती दांडा ओढायची.

"घट्ट आहे."

"केसभर काढतो."

"आता दुसऱ्याला बरा, रिव्हर्सला अडतो."

"वरच्या अंगाला?"

"वरच्या. डाव्या बाजूनं."

"कळलं."

काय कळलं? मला काहीच कळत नव्हतं! वरच्या अंगाला डाव्या बाजूनं म्हणजे किती अंश? केसभर म्हणजे कुणाच्या केसाएवढं? मी दोनदा विचारायला तोंड उघडलं, दोनदा दोघांनीही एकदम हात वर केला. नऊ वेळा काढला, नऊ वेळा घासला, नऊ वेळा बसवला. आणि दहाव्यांदा हिनं दांडा आपल्याकडे ओढला, वर ढकलला... आणि काहीच आवाज झाला नाही. अगदी काही नाही. गाडी लोण्यातून सुरी यावी तशी मागे आली आणि मी पटकन बाजूला झालो, कारण मागे मीच उभा होतो.

मी खिशातून पेन काढलं. "माप काय आलं हो शेवटी?"

लेथवाला हात पुसत होता. "घेतलं नाही."

"म्हणजे?"

"घ्यायचं तर काढावा लागेल."

"हात तर लावून बघा!" गाडीच्या आतून हिचा आवाज आला.

सतरा तारीख. परीक्षेला साहेब म्हणून आली होती एक मुलगी, फार तर पंचवीस वर्षांची, हातात फळी, फळीवर कागद. शेजारी बसली, खाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, आणि म्हणाली, "आजी, गिअर काढून ठेवलाय का?" हिनं दाखवला. ती मुलगी म्हणाली, "अय्या!" आणि मग आपण साहेब आहोत हे आठवून घसा खाकरला. मी कुंपणाबाहेरच्या बाकावर. मला आत सोडलं नाही. बरंच झालं. गाडी गेली, वळली, चढावर थांबली, उतरली, आणि त्या दोन खांबांपुढे येऊन उभी राहिली. मी डोळे मिटले. मला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. तुम्हाला सांगतो, अख्ख्या आयुष्यात मी इतकं कान देऊन काही ऐकलं नाही. कुठे कुत्रं भुंकत होतं, कुणी शटर उघडत होतं... करर्र काही येईना. येईना म्हणून डोळे उघडले, तर गाडी खांबांच्या मधोमध, आणि ती मुलगी काच खाली करून दोन्ही बाजूंची अंतरं बघत होती. सारखी! दोन्हीकडे अगदी सारखी! पट्टी असती माझ्याकडे तर... जाऊ दे.

पाच वर्षांचा परवाना मिळाला. पाच! म्हणजे दोनशे साठ गुरुवार, सुट्ट्या धरल्या नाहीत तर. मी सांगितलंसुद्धा हिला हा आकडा. ती म्हणाली, "मोजा तुम्ही."

आता गावात अशा जुन्या गाड्यांचे सात-आठ वेडे आहेतच, आणि वेड्यांना एकमेकांचं सगळं कळतं. गेल्या आठवड्यात लेथवाल्याचा फोन आला. मीच उचलला. म्हणाला, कुणाच्या तरी गाडीचा क्लचचा दांडा घोटाळा करतोय, बुशच करायचाय, पण नीट लागत नाही. मला, तुम्हाला सांगतो, भरून आलं. म्हटलं, एवढं सगळं होऊन या माणसानं शेवटी मलाच विचारलं. मी खुर्ची ओढली, चष्मा लावला, कागद पुढे घेतला आणि म्हणालो, "हे बघा, या वेळी आपण आधी पिनेपासून सुरुवात करू. पिन किमान बहात्तर दिशांनी..."

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. चांगला माणूस आहे. माझं संपल्यावर अगदी अदबीनं म्हणाला, "हो काका. जरा काकूंना देता का?"

दिला.